पाण्याचं लांबलचक नाव

गेल्या वेळी आपण शब्दप्रमाणावर बोलत होतो. दुसऱ्याने सांगितलं म्हणून आपल्याला जे कळतं, त्याला ज्ञान म्हणायचं की नाही, हा प्रश्न होता. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने मला गाठलं आणि म्हणाला, "सर, माणसं पाण्यावर बंदी घालायच्या अर्जावर सही करतात. अशा माणसांच्या शब्दाला प्रमाण कसलं म्हणायचं?" मी त्याला सांगितलं की याचं उत्तर दोन मिनिटांत देता येणार नाही, पुढचं व्याख्यान त्यावरच देतो. तर आजचा विषय म्हणजे ती थट्टा. तिच्यावर मी थोडी टीका करणार आहे. थोडी माझ्यावरही करणार आहे, कारण एके काळी मी तिचा मोठा प्रचारक होतो.

तुमच्यापैकी बहुतेकांना ती माहीत असेल. एक पत्रक असतं. त्यात डायहायड्रोजन मोनॉक्साइड नावाच्या एका रसायनाची माहिती दिलेली असते. रंग नाही, वास नाही, चव नाही. श्वासावाटे फुप्फुसात गेलं तर माणूस मरतो. वायुरूपात अंगावर आलं तर भाजतं. घनरूपात बराच वेळ त्वचेला लागून राहिलं तर इजा होते. आम्लवर्षेतला मुख्य घटक हाच. लोखंड यानेच गंजतं. अणुभट्ट्यांत वापरतात. कॅन्सरच्या गाठी तपासल्या तर त्यांतही सापडतं. आणि सरकार यावर काही करत नाही! शेवटी विचारतात, बंदी घालावी असं तुम्हाला वाटतं का? ज्याला कळलं तो हसतो, ज्याला नाही कळलं तो सही करतो. मग त्याला सांगतात, बाबा रे, हे पाणी आहे.

ही थट्टा आली कुठून? सर्वांत जुना धागा सापडतो तो १९८३चा. अमेरिकेत मिशिगन राज्यात ड्युरंड नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या साप्ताहिकाने एक एप्रिलच्या निमित्ताने बातमी दिली की गावाच्या नळांत हे रसायन सापडलं आहे. पुढे १९८९-९०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ आवारात काही विद्यार्थ्यांनी तिचं पत्रक करून वाटलं, आणि १९९४ साली ते इंटरनेटवर गेलं. गाव, विद्यापीठ, इंटरनेट, हा क्रम लक्षात ठेवा, कारण माझ्या मते थट्टेचा स्वभाव याच क्रमाने बदलत गेला. गावच्या साप्ताहिकात ती शेजाऱ्याने शेजाऱ्याची केलेली गंमत होती. तारीख वर छापलेली, आणि संपादक दुसऱ्या दिवशी बाजारात भेटणारच. इंटरनेटवर गेल्यावर तिला ना तारीख राहिली ना चेहरा.

तिला खरी प्रतिष्ठा मिळाली १९९७ साली. आयडाहो राज्यातल्या आयडाहो फॉल्स इथे नेथन झोनर नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याचा प्रयोग केला. नववीच्या ५० विद्यार्थ्यांना माहिती वाचायला दिली आणि काय करावं ते विचारलं. ४३ जण म्हणाले बंदी घाला, सहा जणांचं ठरत नव्हतं, आणि एकाने ओळखलं की हे पाणी आहे. प्रकल्पाचं नाव होतं, आपण किती भोळे आहोत? पहिलं बक्षीस मिळालं. जेम्स ग्लासमन या स्तंभलेखकांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये त्यावर लिहिलं आणि 'झोनरिझम' असा एक शब्दच घडवला. खऱ्या माहितीचा वापर करून अडाणी जनतेला खोट्या निष्कर्षाकडे नेणं, असा त्याचा साधारण अर्थ.

मुलाचं मला कौतुकच आहे. चौदाव्या वर्षी असा प्रयोग सुचणं ही काही लहान गोष्ट नाही. पण त्या आकड्यांकडे जग ज्या नजरेने बघतं तिच्यावर मात्र माझा आक्षेप आहे. सगळे ४३ जणांना हसतात आणि एकाला डोक्यावर घेतात. अहो, त्या एकाला रसायनशास्त्र येत होतं, एवढंच. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक, हे त्याच्या लक्षात आलं. ते ज्ञान होतं, त्याला विवेक म्हणता येणार नाही. मला विचाराल तर बघण्यासारखे आहेत ते सहा. त्यांना ते पाणी आहे हे माहीत नव्हतं आणि तरीही ते थांबले. ज्ञान नसताना थांबता येणं ही जास्त अवघड गोष्ट. तत्त्वज्ञानाच्या मास्तराच्या हातात असतं तर बक्षीस त्या सहा जणांना मिळालं असतं. (अर्थात त्यांतले दोघं-तिघं नुसते कंटाळलेले असतील, हेही मी नाकारत नाही. वर्गावर चाळीस वर्षं काढली आहेत.)

आता पत्रकाच्या रचनेकडे येऊ. त्याचा सगळा अभिमान एका गोष्टीत आहे, की यातलं एकही वाक्य खोटं नाही. हे खरं आहे. मग फसवणूक कुठे झाली?

पहिली गोष्ट नावाची. फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञाने १८९२ साली दाखवून दिलं की एकाच वस्तूची दोन नावं असली तरी ती आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतात. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा, दोन्ही शुक्रच. पण हे ज्याला माहीत नाही त्याला एकाबद्दल सांगितलेलं दुसऱ्याला लागू पडतं हे कळणार कसं? यात मूर्खपणाचा प्रश्न येत नाही. शिवाय 'डायहायड्रोजन मोनॉक्साइड' हे नाव रसायनशास्त्रज्ञ वापरत नाहीत. तेही पाण्याला पाणीच म्हणतात, आणि पद्धतशीर नाव हवंच असेल तर 'ऑक्सिडेन' असं एक मान्य नाव आहे. मग हेच नाव का निवडलं? कारण 'मोनॉक्साइड' म्हटलं की कार्बन मोनॉक्साइड आठवतो, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं आठवतात. म्हणजे शास्त्रीय नावाचा फक्त वेष घेतलेला आहे.

गंमत म्हणून मी हे मराठीत करून बघितलं. हायड्रोजनला आपल्याकडे उद्जन म्हणायचे. उद म्हणजे पाणी, पाणी जन्माला घालणारा तो उद्जन. ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. आणि ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू. आता 'उद्जन आणि प्राणवायू यांच्या संयुगावर बंदी घाला' असं पत्रक काढा बघू. कोण सही करेल? ज्यात पाणीही आहे आणि प्राणही आहे, त्यावर बंदी! थट्टा मराठीत चालतच नाही. ती चालायला परकी भाषा लागते, ऐकणाऱ्याला परकी आणि सांगणाऱ्याला घरची. ड्युरंडमधल्या माणसाला ग्रीक परकी, आपल्याकडे तर इंग्रजीही पुष्कळांना परकी. त्यामुळे आपल्याकडे कोणी हा खेळ करतो तेव्हा अर्धी परीक्षा इंग्रजीचीच होते, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. न्यायसूत्रांत छल सांगितला आहे, त्याचे तीन प्रकार. वाक्छलाचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. कोणी म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरचा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! दुसरा प्रकार सामान्यछल. एखादी गोष्ट 'संभवते' असं म्हटलं की ती 'असतेच' असं धरून चालायचं. पत्रकातलं 'मृत्यू येऊ शकतो' हे या जातीचं वाक्य. पण एक फरक बघा. गौतमाचा छल हा ऐकणारा करतो, बोलणाऱ्याच्या शब्दांना पिळून. इथे उलट आहे. ऐकणारा सरळ आहे, पीळ बोलणाऱ्याने घालून ठेवला आहे, आणि तो सुटला नाही म्हणून दोष ऐकणाऱ्याला!

ग्राइस नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत यावर फार नेमकं विवेचन केलं. आपण बोलतो तेव्हा एकमेकांना सहकार्य करत असतो. मी तुम्हाला रस्त्यात थांबवून म्हटलं, "त्या गल्लीत कुत्रा आहे," तर तुम्ही धरून चालता की कुत्रा चावरा आहे. नाहीतर मी सांगितलंच कशाला असतं? तो म्हातारा, दात पडलेला निघाला आणि मी हसत म्हणालो, "मी कुठे म्हटलं चावतो म्हणून?" तर तुम्ही मला काय म्हणाल? शब्द खरे होते, तरी मी फसवलंच. पत्रक देणारा 'गाठींत सापडतं' म्हणतो तेव्हा वाचणारा समजतो की गाठींत सापडणं ही काही विशेष गोष्ट असणार. ते सगळीकडेच सापडतं हे पत्रक सांगत नाही. किती, कुठे, कशाच्या तुलनेत, हे तिन्ही गाळायचं आणि उरलेलं खरं सांगायचं. विषाचं विषपण मात्रेत असतं हे पॅरासेल्सस सोळाव्या शतकात सांगून गेला. पत्रकात मात्रा सोडून सगळं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हेच तर थट्टेला शिकवायचं आहे! मात्रा विचारा, संदर्भ विचारा. कबूल. ती हे शिकवू शकते. पण प्रत्यक्षात ती काय शिकवते?

कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहो शहराचं प्रकरण २००४चं. फोमच्या कपांवर निर्बंध आणायचा प्रस्ताव नगर परिषदेपुढे आला होता आणि त्याच्या कारणांत, हे कप बनवताना डायहायड्रोजन मोनॉक्साइड वापरतात, असं लिहिलेलं होतं. कोणीतरी इंटरनेटवरून उचललं होतं. लक्षात आल्यावर प्रस्ताव मागे घेतला गेला. न्यूझीलंडमध्ये २००७ साली जॅकी डीन या खासदारबाईंनी एका नागरिकाचं पत्र आलं म्हणून मंत्र्यांना लिहून विचारलं, की या पदार्थावर बंदीबाबत तज्ज्ञ समितीचं मत काय? जग हसलं. या दोन ठिकाणी मीही मनापासून हसतो, कारण परिषद आणि खासदार यांचं कामच तपासून बघण्याचं आहे. तपासायला त्यांच्याकडे माणसं असतात, वेळ असतो. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांनी 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकाकडे मुद्दाम अर्थहीन लेख पाठवला आणि तो १९९६ साली छापला गेला, तेव्हाही लक्ष्य संपादक होते. स्विफ्टने १७२९ साली आयर्लंडमधल्या गरिबांची मुलं खायला विकावीत असा 'प्रस्ताव' लिहिला तेव्हा लक्ष्य होते जमीनदार आणि राज्यकर्ते. मोठी थट्टा वरच्या दिशेने जाते. रस्त्यावर, मेळाव्यात, ज्याच्या हातात पिशवी आहे आणि ज्याला बस पकडायची आहे अशा माणसाला पाण्याचा कागद देऊन हसणं हे त्या दर्जाचं नाही. त्याने सही केली ती तुमच्यावर विश्वास टाकून.

रेडिओच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. २०१३ साली एक एप्रिलला फ्लोरिडातल्या दोन निवेदकांनी श्रोत्यांना सांगितलं, तुमच्या नळातून डायहायड्रोजन मोनॉक्साइड येतंय. लोकांनी घाबरून फोन केले, पाणीपुरवठा खात्याला खुलासा करावा लागला, निवेदक निलंबित झाले. आणि त्याआधी, जानेवारी २००७मध्ये, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या एका रेडिओ केंद्राने स्पर्धा ठेवली होती. लघवीला न जाता कोण जास्तीत जास्त पाणी पितो. बक्षीस व्हिडिओ गेमचं यंत्र. कार्यक्रम चालू असताना एका परिचारिकेने फोन करून सांगितलं की यात जीव जाऊ शकतो. तिचं बोलणं हसण्यावारी नेलं गेलं. स्पर्धेतली एक तरुण आई त्याच दिवशी घरी मरण पावली. फार पाणी थोड्या वेळात प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते. एका ठिकाणी लांब नावामुळे माणसं नको तितकी घाबरली. दुसऱ्या ठिकाणी नाव साधं 'पाणी' असल्यामुळे कोणी घाबरलंच नाही. पहिली गोष्ट सगळे विनोद म्हणून सांगतात. दुसरी या विषयात कोणी काढत नाही.

साध्या नावाने झाकलेली माणसं तर इतिहासात कितीतरी. १९२३ साली अमेरिकेत पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालून विकायला सुरुवात झाली. विकताना नाव ठेवलं नुसतं 'एथिल'. शिसं हा शब्दच गाळला. पुढच्या वर्षी न्यू जर्सीच्या एका कारखान्यात पाच कामगार वेडे होऊन मेले. तेव्हा पेट्रोलमध्ये त्या द्रव्याचा उपयोग शोधून काढणाऱ्या मिजली यांनी पत्रकारांसमोर त्यात हात धुऊन दाखवले. घाबरणाऱ्यांना तेव्हाही अडाणीच ठरवलं होतं. आपल्याकडे शिसं असलेलं पेट्रोल देशभर बंद व्हायला २००० साल उजाडलं.

आणि भोपाळ. औद्योगिक अपघातांत या द्रव्याचा हात असतो, असं पत्रकात घातलं तर तेही खरं ठरेल. २ डिसेंबर १९८४च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणीच शिरलं होतं. आत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट. आता हे नाव ऐका, पत्रकातल्या नावाइतकंच लांब, तितकंच परकं. कारखान्याभोवतीच्या वस्तीतल्या लोकांना ते माहीत नव्हतं. उलट्या दिशेने पळा, ओलं फडकं तोंडाला धरा, एवढंसुद्धा त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. लांब नावांना घाबरू नका, हा धडा आपण भोपाळच्या देशात शिकवत असू तर जरा जपून शिकवावा.

आता माझी गोष्ट. मी तर्कशास्त्राच्या वर्गात दर वर्षी हे पत्रक वाटायचो. पहिल्या आठवड्यात, मुलं नवीन असताना. मी स्वतः टंकलेलं, खाली सहीसाठी रेघ. बहुतेक मुलं सह्या करत. मग मी फळ्यावर 'एच-टू-ओ' लिहायचो आणि वर्ग हसायचा. मला फार आवडायचं ते. मास्तरला स्वस्तात हुशार दिसायची संधी क्वचितच मिळते.

एका वर्षी यवतमाळकडचा एक मुलगा होता. त्याने कागद हातात पडताच सही केली, पूर्ण वाचलाही नसेल. मी त्याला उभं केलं आणि म्हटलं, "काय रे, पाण्यावर बंदी घालतोस?" सगळे हसले. तो नाही हसला. तास संपल्यावर माझ्या खोलीत आला. म्हणाला, "सर, आमच्या गावात असाच एक माणूस आला होता. म्हणाला, तुमच्या हातपंपाच्या पाण्यात काहीतरी आहे. दिसत नाही, वास येत नाही, पण पोरांचे दात खातं आणि म्हाताऱ्यांची हाडं वाकवतं. पंप बंद करायच्या अर्जावर सह्या पाहिजेत. आमचे आजोबा त्याला म्हणाले, पाणी ते पाणी, त्यात काय असतं? सगळे हसले त्याला. सही कोणीच नाही केली."

फ्लोराइड. त्या भागातल्या भूजलात ते आहे, हे तुम्हाला माहीत असेल. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका सुरू होतो. दातांवर डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं कडक होतात, सांधे आखडतात. रंग नाही, वास नाही, चव नाही. अगदी माझ्या पत्रकासारखं.

मी विचारलं, मग पटलं कसं? तो म्हणाला, "तो माणूस दुसऱ्यांदा आला तेव्हा पेटी घेऊन आला. पाराजवळ बसला. आमच्या पंपाचं पाणी एका नळीत, जुन्या विहिरीचं दुसऱ्या नळीत. औषधाचे थेंब टाकले. विहिरीचं गुलाबी राहिलं, पंपाचं पिवळं झालं. मग आजोबांनी सही केली. पण तोपर्यंत दोन वर्षं गेली होती, सर. माझ्या धाकट्या बहिणीचे दात तेव्हाच आले." आणि मग म्हणाला, "म्हणून मी आज लगेच सही केली."

मी त्याची माफी मागितली का? नाही. मास्तर होतो. काहीतरी पुटपुटलो, चांगला मुद्दा आहे वगैरे. आज मागतो, तो ऐकत असेल तर.

पुढच्या वर्षी मी दोन पत्रकं केली. एक जुनंच. दुसरं फ्लोराइडवर, त्याच साच्यात, तितक्याच ओळी, आणि दोन्हींतली नावं काढून टाकली. वर्गाला म्हटलं, यातलं एक थट्टा आहे आणि एक खरा इशारा. वाचून ओळखा, आणि ओळखता येत नसेल तर ओळखायला कोणता एक प्रश्न विचाराल तो लिहा. सह्या नाहीत. कोणालाही नुसतं वाचून ओळखता आलं नाही. दोन्ही कागद मीच टंकले नसते तर मलाही आलं नसतं. प्रश्न मात्र चांगले आले. एकीने लिहिलं होतं, "हे नसलेलं पाणी कुठे मिळेल?" फ्लोराइडच्या कागदाला या प्रश्नाचं उत्तर होतं, जुन्या विहिरीत. दुसऱ्या कागदाला ते असणंच शक्य नव्हतं.

बरं, वेळ झाली. मागच्या वेळचे ते तरुण मित्र आले आहेत का? आले आहेत, मागे बसलेत. पहिला प्रश्न त्यांचा.